बेथेलखालचे टेकू

आमच्या क्रोरिगच्या वाचनालयाने गावातल्या गेलेल्या माणसांची एक वही करायला घेतली आहे. प्रत्येकाला दोन पानं. जवळच्या नातेवाइकाने लिहायची आणि सोबत एखादा फोटो किंवा वस्तू द्यायची, ती दर्शनी कपाटात ठेवणार म्हणे. गेल्या मार्चात माझा बाप सेप गाउलंड पंच्याऐंशीव्या वर्षी गेला. पंधराच दिवसांनी वाचनालयाचा चिटणीस दारात आला आणि म्हणाला, "एस्थर, सेपबद्दल चांगलं काहीतरी लिही. अशी माणसं आता होत नाहीत." होत नाहीत ते बरंच आहे, असं अगदी जिभेवर आलं होतं. मी त्याला चहा दिला आणि लिहिते म्हणाले.

अंत्यविधीत पाद्री म्हणाला की सेप गाउलंडने आयुष्यभर लोकांच्या डोक्यावरचं छत तोलून धरलं. पाद्री नवा आहे, त्याला कुणीतरी सांगितलं असणार. पण बाकांवर बसलेले म्हातारे माना डोलवत होते, आणि ते काही नवे नव्हते. मी रागाने मान खाली घातली. शेजारणीला वाटलं मला रडू येतंय, तिने रुमाल पुढे केला. मी त्यात नाक शिंकरलं.

तर लिहिते. बाप खाणीत डेप्युटी होता, म्हणजे छत आणि टेकू सांभाळणारा मुकादम. छत तोलून धरायचं काम त्याने केलं ते पहिली काही वर्षं. पुढची पंचवीस वर्षं तो छत पाडायचं काम करत होता, आणि त्यात त्याचा हात धरणारा आख्ख्या डरहॅम परगण्यात कुणी नव्हता. कोळसा काढताना मधे मधे कोळशाचेच जाड खांब सोडतात, वरची जमीन त्यांच्यावर उभी असते. बाकीचा कोळसा संपला की कंपनीला खांबांची आठवण होते. मग तेही खणून काढायचे. तोवर छताला लाकडी टेकू द्यायचे, आणि खांब संपला की टेकूही ओढून घ्यायचे. मग छत बसतं खाली. टेकू काढणारा माणूस त्या छताखालीच उभा असतो, म्हणून ते काम कुणालाही देत नाहीत.

बापाला लाकडाचा आवाज कळायचा. तो टेकूवर हातोडा टेकवून कान लावायचा आणि सांगायचा, हा आत्ता नको, तो आधी. शेवटचा टेकू राहिला की त्यावर खडूने स्वतःची आद्याक्षरं, तारीख आणि त्या जागेचं नाव लिहायचा. खडू दिसला की त्यापुढे कुणी जायचं नाही, हा त्याचा नियम. मग तो एकटा मागे थांबून साखळीने तो टेकू ओढायचा. त्याच्या हाताखाली एकही माणूस दगावला नाही. हे खरं आहे, आणि मी ते लिहिलं आहे. त्याची चांगली बाजू इथे संपली.

घरी आला की चुलीपुढे पत्र्याच्या टबात बसायचा. आई त्याचे हात, मान, छाती घासायची. पाठ मात्र नाही. पाठीला पाणी लागलं की कणा कमजोर होतो, अशी त्या पिढीतल्या खाणवाल्यांची पक्की समजूत होती. ओल्या फडक्याने पाठ पुसली तर पुसली. त्यामुळे त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत काळं पुटच चढलेलं असायचं. रविवारी त्याच पाठीवर पांढराशुभ्र सदरा घालून तो चॅपलमध्ये पहिल्या बाकावर बसायचा आणि खड्या आवाजात गायचा. लहानपणी मला त्यात काही वाटायचं नाही. नंतर तो सदरा इस्त्री करतानाही हाताला शिसारी यायला लागली.

चॅपलचं नाव बेथेल. टेकडीवर, गावाच्या डोक्यावर. ते बांधलं एनॉक टुलिप नावाच्या गवंड्याने, खाणवाल्यांनी शिफ्ट संपल्यावर दगड वाहून त्याला मदत केली. त्याची मुलगी थर्झा चॅपलची राखण करायची आणि मागच्या एका खोलीत राहायची. लग्न केलं नव्हतं. एकोणीसशे बत्तीस साली साठीला आली होती. आम्ही सगळे तिला थर्झामावशी म्हणायचो. तिची जीभ तिखट होती. दारात कुणी बूट न पुसता पाय ठेवला की ती त्या माणसाचं नाव न घेता बुटांशीच बोलायची, "या हो बूट, मालकालाही आणलंत का?" जाता येता भिंतीवर तळवा ठेवायची तिला सवय होती. आपला बाप गेल्यावर तेवढीच त्याची आठवण उरली, म्हणायची.

खाणीतून निघालेले मोडके टेकू शिफ्ट संपवून येणारी माणसं काखेत मारून घरी आणायची, चूल पेटवायला. ही आमच्याकडची जुनीच रीत. माझा बाप दर शनिवारी एक ओझं थर्झामावशीला नेऊन द्यायचा, चॅपलच्या शेगडीसाठी. खाणीच्या तोंडाशी आवारात पोरं टेकू करवतीने तोडून ठेवायची, बाप ओझं उचलायचा आणि टेकडी चढायचा. गावात त्याचं फार कौतुक होतं. सेपचं मन मोठं, म्हणायचे.

बत्तीस सालच्या उन्हाळ्यात आसपासच्या तीन खाणी बंद पडल्या होत्या. आमच्या खाणीचा मॅनेजर ऑर्ड याने बापाला आणि पाच खणणाऱ्यांना कचेरीत बोलावलं. नकाशा पुढे ठेवला. टेकडीखाली एक मोठा खांब आजोबांच्या काळापासून सोडलेला होता, चॅपल उभं राहावं म्हणून, तसा लेखी करारच होता. खाली खाणीत त्या जागेलाही माणसं बेथेलच म्हणायची. ऑर्ड म्हणाला, हा खांब काढला तर दीड वर्ष सगळ्या खाणीला काम आहे, नाही काढला तर नाताळला कुलूप. चॅपलवाल्यांना सांगायचं तर ते कोर्टात जातील. म्हणून सांगायचं नाही. सहाजण होते आणि सहाही चॅपलवाले होते. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेले. हे मला पुढे खुद्द बापाने सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही.

ऑक्टोबरात चॅपलचं दार अडकायला लागलं. नोव्हेंबरात व्यासपीठामागच्या भिंतीला खिडकीपासून जमिनीपर्यंत तडा गेला, इतका की त्यात माझी करंगळी जायची. नाताळच्या चहापानाला गिलाव्याचा पोपडा चहाच्या भांड्यात पडला. ऑर्डने मोठ्या उदारपणे कंपनीचा एक माणूस तपासायला पाठवला. त्याचे बूट इतके स्वच्छ होते की थर्झामावशीला त्यांच्याशी बोलायचं काही कारणच मिळालं नाही. त्याने चाकूच्या टोकाने दगडांमधला चुना उकरला, चिमटीत चुरडला आणि म्हणाला, चुना कच्चा आहे, बांधणाऱ्याने हात मारलेला दिसतो.

एवढंच हवं होतं. आठवडाभरात गावात कुणाच्या ना कुणाच्या आजोबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं निघालं की एनॉक टुलिप चांगला चुना बाजूला काढायचा, स्वतःच्या घरासाठी. एनॉकला स्वतःचं घर कधी नव्हतं. पण तेवढा विचार करायला कुणाला सवड होती? चाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचा चहा प्यायला, तिच्या बापाला चोर ठरवायला या लोकांना आठ दिवस पुरले. मला त्या गावाचा तेव्हा जो वीट आला तो आजवर गेलेला नाही, आणि तरी मी इथेच राहते.

जानेवारीत विश्वस्तांची सभा झाली. मी रविवारच्या शाळेत शिकवायचे, म्हणून इतिवृत्त लिहायला बसले होते. ठराव असा होता: कंपनी कृपावंत होऊन भिंतीला टेकण बांधून देणार आहे, त्यासाठी मागची खोली पाडावी लागेल, सबब मिस टुलिप यांनी ईस्टरपर्यंत खोली सोडावी, आणि एकंदर परिस्थिती पाहता राखणीचं काम दुसऱ्या कुटुंबाकडे द्यावं. एकंदर परिस्थिती म्हणजे तिच्या बापाचा चुना. त्या सहाजणांपैकी तिघे विश्वस्त होते: माझा बाप, डुकरं पाळणारा जॉब हेदर, आणि तिसरा एक, ज्याची नातवंडं अजून गावात आहेत म्हणून त्याचं नाव लिहीत नाही.

थर्झामावशी तिथेच होती, हातात चहाची किटली घेऊन. ती एवढंच म्हणाली की बाबा चुना जिभेवर ठेवून पाहायचे, जीभ भाजली नाही तर परत पाठवायचे. मग हात वर करायला सांगितले. बापाचा हात वर गेला. मनगटावरचा कफ पांढरा स्वच्छ होता, मीच शनिवारी इस्त्री केला होता. मी इतिवृत्तात लिहिलं, एकमताने मंजूर. नंतर थर्झामावशीने सगळ्यांना चहा ओतला आणि सगळ्यांनी तो प्यायला. बापाने तर दुसरा कपही मागितला.

त्या सोमवारी मी तिला सामान बांधायला मदत करायला गेले. पलंगाखालची ट्रंक ओढताना तिच्यामागे टेकूंच्या लाकडाच्या ढलप्या दिसल्या, एका ओळीत, भिंतीकडे तोंड करून उभ्या केलेल्या. अकरा. मी एक उलटी केली. त्यावर खडूने लिहिलं होतं: से. गा., १४ नोव्हेंबर, बेथेल. दुसरीवर २१ नोव्हेंबर. तिसरीवर २६. अक्षर मी ओळखत होते, मला पहिली मुळाक्षरं त्यानेच गिरवायला दिली होती.

त्या हिवाळ्यात दर बुधवारी संध्याकाळच्या वर्गाला त्या शेगडीपुढे मी हात शेकले होते. चॅपलखालचे टेकू काढून बाप तेच चॅपलमध्ये जाळायला आणून देत होता, आणि त्याबद्दल लोक त्याचं कौतुक करत होते. मुद्दाम केलं असतं तर निदान राक्षस म्हणता आलं असतं. त्याने मुद्दाम केलं नव्हतं. त्याने बघितलंच नव्हतं. ओझं उचललं, दिलं, आभार घेतले, खाली उतरला.

मी म्हणाले, "मावशी, सभेत का नाही दाखवलंस?"

"तिघांना तोंडं होती ना गं," ती म्हणाली. "म्हटलं त्यांतलं एखादं उघडेल. मी किटली घेऊन वाट बघत होते."

"आता दाखव. मी येते तुझ्याबरोबर. मोठ्या पाद्र्याकडे जाऊ."

"मग? उद्या खांब बंद, परवा खाण बंद. दोनशे घरांच्या चुली विझल्या त्या एनॉक टुलिपच्या पोरीमुळे, असं म्हणतील. चुनाचोराची पोर म्हणतात ते परवडलं. आणि तुझे दोन भाऊ खाली आहेत, ते विसरू नकोस."

मी विसरले नव्हते. खरं सांगायचं तर तिने ते बोलून दाखवलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. इतरांच्या नावाने एवढी बोटं मोडते आहे, तर हेही लिहायला हवं.

संध्याकाळी बाप टबात बसलेला असताना मी विचारलं. आई किटली घेऊन परसात गेली, तिला आधीपासून माहीत असावं.

"बाबा, बेथेल कुठे आहे?"

"टेकडीवर. डोकं फिरलं का तुझं?"

"आणि खाली?"

साबण फिरवणारा त्याचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला. म्हणाला, "कुणी सांगितलं?"

"तूच. खडूने लिहून पाठवलंस."

हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. ध्यानात आलं तेव्हा त्याने आधी काय विचारलं असेल? ढलप्या किती आहेत, ते विचारलं. मग म्हणाला की ईस्टरपर्यंत अर्धाअधिक खांब निघेल, मग परत फिरता येणार नाही, तेव्हा मी स्वतः सगळ्यांसमोर उभा राहून सांगेन. मी म्हणाले, ईस्टरला ती कुठे असेल? तो म्हणाला, तिची चुलतबहीण आहे ना समुद्राकडे, हवा चांगली आहे तिथे.

"आणि तिचा बाप?"

"तो मेला आहे, पोरी. मेलेल्या माणसाला कशाने काय होतंय? मला जिवंत माणसांचं बघायचंय." आणि माझ्या हातातल्या फडक्याकडे बघून म्हणाला, "पाठीला पाणी लावू नकोस."

मी फडकं टबात टाकलं आणि बाहेर जाऊन नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत.

बुधवारी संध्याकाळी सहाला चॅपलच्या शाळाखोलीत वर्ग असायचा. पेलम नावाचे मास्तर सायकलवरून यायचे, काटकुळे, कायम सर्दी झालेले. दर आठवड्याला ते एक शब्द घ्यायचे आणि तो कुठून आला, पूर्वी त्याचा अर्थ काय होता ते सांगायचे. खाणवाले आवडीने यायचे. काही शब्दांसाठी, काही शेगडीसाठी. त्या बुधवारी सहाही जण होते. थर्झामावशी नेहमीसारखी किल्ल्या घेऊन दाराजवळ बसली होती. तिच्या पायाशी कोळशाची बादली होती आणि बादलीवर गोणपाट टाकलेलं होतं.

मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: अंडरमाइन. म्हणाले, हा तर तुमच्या घरचाच शब्द. आज आपण तो एखाद्याची तब्येत, एखाद्याची पत आतून कमजोर करण्यासाठी वापरतो, दिसू न देता, हळूहळू. पण पहिला अर्थ अगदी हाताला लागेल असा आहे: खाली खणणं, पोखरणं. 'अंडर' आपला जुनाच, म्हणजे खाली. 'माइन' फ्रेंचांकडून आला, आणि त्याच्याही मागे बहुधा केल्ट लोकांचा असावा, धातूच्या दगडासाठी. किल्ल्याची भिंत फुटत नसली की सैन्य भिंतीखाली भुयार खणायचं. भिंत आपल्याच डोक्यावर येऊ नये म्हणून तिला लाकडी टेकू द्यायचं. भुयार पूर्ण झालं की टेकूंना आग लावायची. टेकू जळाले की भिंत खाली. दक्षिणेकडच्या एका किल्ल्याला वेढा घातलेला असताना एका राजाने आग नीट पेटावी म्हणून चाळीस डुकरं मागवली होती, चांगली चरबीवाली, आणि ती चरबी टेकूंना लावली. तेवढ्याने किल्ल्याचा कोपऱ्यातला बुरूज बसला. हा अर्थ रुळला, आणि मग पुढे कधीतरी लोक तोच शब्द माणसांबद्दल वापरायला लागले.

जॉब हेदर म्हणाला, "चाळीस डुकरं? मी असतो तर किल्ला सोडून दिला असता." सगळे हसले. माझा बाप हसला नाही. त्याचं डोकं कामात गुंतलं होतं. त्याने विचारलं, टेकू कुठल्या लाकडाचे, किती अंतरावर, आणि लावले कुणी. मास्तर म्हणाले, सैनिकांनी. बाप म्हणाला, "सैनिकांचं काम नाही ते. खाणवालेच नेले असणार धरून. आणि लाकूड ओलं असणार, म्हणून चरबी लागली." मग जरा थांबून म्हणाला, "आग लावल्यावर शेवटचा माणूस बाहेर कसा आला?" मास्तरांना ते ठाऊक नव्हतं. बापाला खरोखर ते जाणून घ्यायचं होतं. पाय जमिनीवर होते, त्या जमिनीखालचे टेकू त्यानेच काढलेले, चॅपलच्या भिंतीला करंगळी जाईल असा तडा, आणि हा माणूस सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाची काळजी करत होता. त्या क्षणी मला त्याचा जेवढा तिटकारा आला तेवढा सभेतही आला नव्हता.

तेवढ्यात थर्झामावशी उठून उभी राहिली. वर्गात ती कधी बोलायची नाही.

"मास्तर, तो बुरूज पडला तेव्हा कुणी गवंड्याला दोष दिला का हो?"

मास्तर हसले. त्यांना गावातलं काही माहीत नव्हतं, ते सायकलवरून यायचे आणि सायकलवरून जायचे. म्हणाले, "गवंड्याला कशाला? भिंत चांगली होती म्हणूनच तर खाली जावं लागलं. कच्ची असती तर वरूनच फोडली असती की."

सहाजणांच्या नजरा सहा जोडी बुटांवर होत्या. बापाचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

"एवढंच ऐकायचं होतं," थर्झामावशी म्हणाली. तिने बादलीवरचं गोणपाट काढलं, बादली उचलली आणि बाकांच्या मधून शेगडीकडे चालत आली. ढलप्या वर दिसत होत्या, खडूच्या बाजूने. प्रत्येकाच्या बाकापाशी ती थोडी थांबली, वाचता येईल इतकी. जॉब हेदरच्या बाकाला बादलीची कड लागली आणि एक ढलपी खाली पडून माझ्या पायाशी आली. मी त्यावर घागरा पसरला. का, ते तेव्हा मलाही कळलं नाही.

ती शेगडीपाशी पोचली आणि बापाच्या समोर उभी राहिली. दोन्ही हातांत बादली होती. मला कळलं, ती पुन्हा वाट बघते आहे. सभेत पाहिली तशीच. आत्ता कुणी उठून म्हणालं असतं, थांब थर्झा, चुना चांगला होता, खांब आम्ही काढला, तर तिला दुसरं काही नको होतं. खाणीचं काय व्हायचं ते तिने त्या माणसांवर सोडलं होतं. तिच्या बापाचं नाव तेवढं त्यांच्या तोंडून तिला हवं होतं, एकदाच.

आणि माझा बाप उठला. मी मनात म्हटलं, देवा, माझा बाप बोलणार आहे. इतक्या दिवसांची सगळी किळस मी त्या एका क्षणात गिळून टाकायला तयार होते.

त्याने खिशातून रुमाल काढला, हाताला गुंडाळला, म्हणजे चटका बसू नये, आणि वाकून शेगडीचं दार उघडून धरलं.

थर्झामावशीने एकेक करून दहा ढलप्या आत टाकल्या. शेवटची टाकल्यावर बापाने दार लावलं, रुमालाची घडी केली आणि जागेवर जाऊन बसला. मास्तर म्हणाले, वा, छान ऊब आली, आणि पुढच्या आठवड्याचा शब्द सांगितला.

पुढचं थोडक्यात. ईस्टरला बाप चॅपलमध्ये उभा राहिला खरा, पण तो भजनाचा क्रमांक सांगायला. थर्झामावशी त्याच्या आदल्या आठवड्यात चुलतबहिणीकडे गेली आणि तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात वारली. मरणाच्या पत्रात चांगल्या हवेचा काही उल्लेख नव्हता. खांब दीड वर्ष पुरला नाही, अकरा महिन्यांत संपला आणि खाणीला कुलूप लागलंच. चौतीस साली चॅपल पाडलं. पाडायला आलेली माणसं कुरकुरत होती की दगडापासून चुना सुटत नाही, पहार वाकते. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. शेजारीच बाप उभा होता, त्यानेही ऐकलं. म्हणाला, "घरी चल, पाऊस येईल."

त्यानंतर तो तेहतीस वर्षं जगला. परसात कांद्याच्या पाती लावायचा, मनगटाएवढ्या जाडीच्या, आणि दर सप्टेंबरला गावच्या प्रदर्शनात बक्षीस आणायचा. मी त्याला रस्सा करून घातला, औषधं दिली. एकदाही विषय काढला नाही, त्यानेही काढला नाही. भाऊ होते, आई होती, मग भावांची मुलं होती, गप्प बसायला दर वेळी काहीतरी कारण मिळायचं. मार्चात त्याला शेवटची अंघोळ मीच घातली. पाठ साबणाने दोनदा घासली. मग त्याला पांढरा सदरा घातला, कारण दुसरा नव्हता.

चिटणीसांनी सोबत एक वस्तू मागितली आहे. फोटो पाठवत नाही. मोज्यांच्या खोक्यात पस्तीस वर्षं ठेवलेली ती अकरावी ढलपी पाठवते आहे. खडू पुसट झालाय, पण उजेडात धरलं की नाव, तारीख आणि जागा वाचता येते. ती कपाटात ठेवा, लिहिलेली बाजू पुढे करून. आणि खाली चिठ्ठी लावा, की एनॉक टुलिपचा चुना चांगला होता.